उत्तर कोणी द्यायचे? प्रवाशांचे खासदारांना मागणीपत्र

प्रति,
लोकसभा व राज्यसभेतील महाराष्ट्राचे आणि गोव्याचे सर्व माननीय सदस्य

विषय : रस्ते, रेल्वे व विमान वाहतुकीच्या यंत्रणांवर संसदेची देखरेख परिणामकारक होण्याबाबत

महोदय, महोदया,

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, गोव्यातून दोन आणि एक, असे आपण सत्तर जण दिल्लीत आमच्या वतीने बसता. मुंबई-गोवा महामार्गावरून आणि कोकण रेल्वेने गावी ये-जा करणाऱ्या, एरवी पोटासाठी लोकलच्या दारात उभे राहणाऱ्या माणसांची आमची संघटना आहे. आजवर आम्ही आपल्याकडे थांबे मागितले, पादचारी पूल मागितले, गणपतीच्या जादा गाड्या मागितल्या. काही मिळाले, काहींची पत्रे अजून टेबलाटेबलांवरून फिरत आहेत. या खेपेला यातले काहीच मागायचे नाही, असे कार्यकारिणीत ठरले. संसदेने मंजूर केलेल्या पैशातून ज्या यंत्रणा रस्ते बांधतात आणि गाड्या चालवतात, त्यांना संसदेपुढे वेळेत, लेखी आणि पुढे तपासता येईल असे उत्तर देणे भाग पडावे, एवढी तजवीज आपण करावी, ही आमची मागणी आहे.

हे काम संसदेचेच का, अशी शंका येईल. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राच्या यादीतले विषय. विधानसभेत आमदार कितीही तावातावाने बोलले, तरी शेवटी ‘केंद्राकडे पाठपुरावा करू’ यावर गाडी थांबते. मग लोक कोर्टात जातात. मुंबई-गोवा महामार्गासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका चालल्या, प्रतिज्ञापत्रांवर मुदती दिल्या गेल्या, त्या उलटल्या, नव्या दिल्या गेल्या. न्यायालय तारीख विचारू शकते. खर्च कशाने वाढला, आराखडा कोणी बदलला, हे खोदून काढणे हे त्याचे रोजचे काम नाही. ते काम ज्या सभागृहाचे आहे तिथे आपण आहात.

महामार्गाचेच घ्या. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरच्या पुढचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, पैसा मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. पहिल्या तुकड्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने सुरू झाले. जमीन अडली, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी अडली, ठेकेदाराचा पैसा आटला, ठेका रद्द झाला, नवे ठेके निघाले. पुढच्या भागात आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे इतके रखडले की संगमेश्वर-लांज्याच्या माणसाला ठेक्यांची ही नावे तोंडपाठ झाली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. तिथे जीव गेला नाही, हे नशीब.

दर वर्षी श्रावण लागला की पाहणी दौरे निघतात. गणपतीआधी एक मार्गिका तरी पूर्ण करू, असे सांगितले जाते. खड्ड्यांत खडी पडते, पेव्हर ब्लॉक बसतात, चाकरमानी कसेबसे घर गाठतात आणि अनंत चतुर्दशी झाली की विषय पुढच्या श्रावणावर जातो. हे दौरे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. निदान त्या आठवड्यात रोलर तरी दिसतो.

उत्तर कसे हरवते हे आमच्या फायलीतल्या एका मोरीवरून सांगतो. सर्व्हिस रोडखालची ही मोरी अरुंद ठेवल्यामुळे पावसात पाणी शाळेच्या फाटकाशी तुंबते आणि मुले दप्तर डोक्यावर घेऊन आत जातात. आम्ही अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने कळवले की हा भाग आपल्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने कळवले की सर्व्हिस रोड मूळ आराखड्यात नव्हता, ठेकेदाराशी संपर्क साधावा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आमचे काम हस्तांतरित झाले. तिसऱ्या कार्यालयाने आमचा अर्ज ‘उचित कार्यवाहीसाठी’ पहिल्या कार्यालयाकडे रवाना केला आणि माहितीसाठी प्रत आम्हाला धाडली. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरेही असेल. मोरी तेवढीच अरुंद आहे.

पाण्याच्या मोरीवर भागते तिथे भागते. सावित्री नदीवर भागले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ सालचा पूल पुरात गेला आणि जयगडहून मुंबईला, राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट त्याबरोबर गेल्या. पावसाळ्याआधी या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य असल्याचे सांगितले गेले होते. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याबद्दल यंत्रणेची पाठ थोपटली गेली आणि ते योग्यच होते. पण जुन्या पुलाची पाहणी म्हणजे नेमके काय करतात, पाण्याखालचा पाया कोण बघतो, ‘योग्य’ हा शेरा कोणाच्या सहीने पडतो, ही चौकशी राष्ट्रीय महामार्गांवरच्या प्रत्येक जुन्या पुलाबाबत व्हायला हवी. ती करण्याचा अधिकार आणि साधने संसदेच्या समितीकडेच आहेत.

म्हणून पहिली मागणी : महामार्गाच्या प्रत्येक टप्प्याचे विवरणपत्र दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जावे. त्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, ठेक्याची मूळ मुदत, वाढवलेली मुदत, वाढीचे कारण, मूळ आणि सुधारित खर्च, आकारलेला दंड, आणि जुन्या पुलांच्या शेवटच्या तपासणीची तारीख असावी. माहिती गोळा करायला नवे खाते लागणार नाही. १५० कोटी व त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांच्या रखडपट्टीचा आढावा सांख्यिकी मंत्रालय आताही घेत असते. तो तक्ता तालुक्याच्या, ठेक्याच्या पातळीवर उतरवून आपल्या हाती आला, म्हणजे प्रश्न विचारताना आपल्याला आमच्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर विसंबावे लागणार नाही.

आता समित्यांकडे येतो. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. संसदेतले खरे काम इथे होते, असे जाणकार सांगतात आणि ते आम्हाला पटते. सभागृहात गोंधळ असतो, समितीत निदान सचिवाला बसवून तासभर प्रश्न विचारता येतात. पण वाहतुकीची वाटणी कशी झाली आहे पाहा. रेल्वेची समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत. रस्ते, बंदरे आणि विमान वाहतूक ही राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीतल्या दुसऱ्या समितीकडे, आणि त्याच समितीच्या गळ्यात पर्यटन व संस्कृतीही. मेट्रो नगरविकास मंत्रालयाची, म्हणून ती तिसऱ्या समितीपुढे. डोंबिवलीहून लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रोने अंधेरीला जाणारी बाई एका सकाळी दोन समित्यांच्या हद्दी ओलांडते. स्टेशनबाहेर ज्या रस्त्यावर ती रिक्षा शोधते, त्याला तर महापालिकाच धनी. घाटकोपरच्या जिन्यावर गर्दी का तुंबते, हा प्रश्न कोणत्या समितीचा?

याहून विचित्र गोष्ट रेल्वे सुरक्षा आयुक्तालयाची आहे. हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. हेतू चांगलाच : रेल्वेच्या अपघाताची चौकशी करणारा रेल्वेच्या हुकमतीत नसावा. पण त्यामुळे रेल्वे एका समितीच्या कक्षेत आणि तिच्या सुरक्षेवर नजर ठेवणारी संस्था दुसऱ्या समितीच्या कक्षेत, अशी फाळणी झाली. शिवाय आयुक्त येतात ते बहुधा रेल्वेच्याच सेवेतून, म्हणजे ज्या हेतूने मंत्रालय बदलले तोही अर्धाच साधला.

दुसरी मागणी : रेल्वे, रस्ते-विमान वाहतूक आणि नगरविकास या तीन समित्यांची सुरक्षेपुरती संयुक्त उपसमिती नेमावी. तिने वर्षातून एकदा तरी मुंबईत बसून साक्षी घ्याव्यात, आणि प्रवासी संघटना, मोटरमन, गँगमन, टोलनाक्यावरचे रुग्णवाहिका चालक यांना बोलवावे. दिल्लीतल्या सादरीकरणात गँगमन कधी दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

सुरक्षेवर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे माणसे मरतात.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरगच्च लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. तीन दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले आणि विमानातले २४१ व जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल १२ जुलैला प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय संकेत तीस दिवसांचा आहे आणि तो पाळला गेला. त्या अहवालावर वाद झाले, होऊ द्या. जगाने तो वाचला, म्हणून तर वाद झाले. मुंब्र्याची चौकशी रेल्वेने स्वतःचे अधिकारी नेमून केली. तिचा अहवाल संसदेच्या पटलावर यावा, असे सांगणारा नियमच नाही.

त्यामागे कायद्यातली एक फट आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार टक्कर किंवा गाडी रुळांवरून घसरणे अशा अपघातात प्राणहानी झाली, तर सुरक्षा आयुक्तांची चौकशी होते. दारातून पडून झालेला मृत्यू वेगळ्या वर्गात टाकला आहे. त्याला नुकसानभरपाई आहे, आयुक्तांची बंधनकारक चौकशी नाही. मुंबई उपनगरी मार्गांवर २०२३ मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे गेली, म्हणजे दिवसाला सात. रूळ ओलांडताना गेलेले त्यात आहेत, पडून गेलेले आहेत, खांबाला आपटून गेलेले आहेत. एका दिवशी सात जण एका डब्यात मेले असते, तर मंत्री विमानाने आले असते आणि चौकशी जाहीर झाली असती. सात ठिकाणी एकेक जण मेला की स्टेशन मास्तरच्या वहीत नोंद होते आणि हमाल स्ट्रेचर आणतात.

रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने हे २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार एकट्या मुंबई उपनगरांत मरतात, हे आकडे देऊन त्या समितीने याला नरसंहार म्हणायला कमी केले नाही. स्वतंत्र, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण नेमावे, अशीही शिफारस केली. त्यानंतर रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. २०२५ पर्यंत ती दोन्ही सभागृहांतून पार पडली, रेल्वे बोर्डाला त्या कायद्यातच स्थान मिळाले. स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण मात्र त्यात आले नाही. विधेयक मंजूर होताना आपल्यापैकी कोणी ही शिफारस मांडली होती आणि कोणी नव्हती, हे आम्ही कामकाजाच्या नोंदी काढून पाहणार आहोत. ब्रिटनमध्ये १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या टकरीनंतर न्यायिक चौकशी झाली आणि तिच्या शिफारशीवरून २००५ पासून अपघात तपासाची स्वतंत्र शाखा काम करू लागली. तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. तिथल्या रेल्वेवर टीका करायला जागा आहे, ती तिथले लोक करतातच. पण ती टीका ते अहवाल हातात घेऊन करतात.

तिसरी मागणी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीची : सुरक्षा आयुक्तांचा प्रत्येक चौकशी अहवाल सरकारला मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत संसदेच्या पटलावर यावा. आज कायद्याने फक्त आयुक्तालयाचा वार्षिक अहवाल पटलावर ठेवावा लागतो. रेल्वेने कोणती शिफारस मान्य केली, कोणती फेटाळली आणि का, हे त्यासोबत यावे. उपनगरी गाड्यांतून पडून होणाऱ्या मृत्यूंची दर वर्षी आयुक्तांमार्फत एकत्रित चौकशी व्हावी. आणि काकोडकर समितीच्या स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा मांडण्यासाठी आपण पक्ष बाजूला ठेवून अशासकीय विधेयक आणावे. अशासकीय विधेयके मंजूर होत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. चर्चा तर होते.

पैशाच्या बाबतीत संसदेची पकड सैल होत गेली आहे. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात होता. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. जुन्या पद्धतीत नाटक पुष्कळ होते, प्रत्येक मंत्री आपल्या राज्याला गाड्या वाटायचा, हे मान्य. पण त्या निमित्ताने सभागृहात रेल्वेवर दिवसदिवस बोलले जायचे. आता भाषणात रेल्वेच्या वाट्याला चार वाक्ये येतात, पूर्वीच्या सोळा अनुदान मागण्यांची एकच झाली आहे, आणि कोणत्या मार्गाला किती दिले हे शोधायला पिंक बुकाची पाने चाळावी लागतात. २०२३ मध्ये तर लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर चर्चा न होता सगळा अर्थसंकल्प गिलोटिनखाली मंजूर झाला. त्या वर्षी रेल्वेला भांडवली खर्चासाठी २ लाख ४० हजार कोटी रुपये दिले होते. तेव्हा गोंधळ कोणी घातला, सभागृह कोणी बंद पाडले, या वादात आम्हाला पडायचे नाही. दोन्ही बाजूंचे सदस्य आपल्यात आहेत.

आमचे म्हणणे एवढेच की रेल्वे आणि महामार्ग या दोन मंत्रालयांच्या मागण्या दर वर्षी चर्चेला घेण्याचे कामकाज सल्लागार समितीत ठरवून टाकावे, आणि पिंक बुक अर्थसंकल्पाच्याच दिवशी सदस्यांच्या हाती पडावे.

खर्च झाल्यावरची तपासणी महालेखापाल करतात, आणि चांगली करतात. रुळांवरून गाड्या घसरण्यावरचा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत आला. राष्ट्रीय रेल संरक्षा कोशात रेल्वेने स्वतःच्या कमाईतून वर्षाला ५ हजार कोटी घालायचे ठरले होते. चार वर्षांच्या २० हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी घातलेच गेले नाहीत, असे त्यात आहे. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा किती कमी झाल्या, हेही आहे. सहा महिन्यांनी, २ जून २०२३ रोजी, बालासोरला कोरोमंडल एक्सप्रेसचा अपघात झाला. तो सिग्नलच्या कामातल्या चुकीने झाला, रुळांमुळे नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून भाषण ठोकणे सोपे आहे आणि चूक आहे. पण सुरक्षेसाठी राखलेला पैसा न भरणाऱ्या यंत्रणेला संसदेने त्या सहा महिन्यांत काय विचारले, हा प्रश्न उरतोच.

भारतमाला या महामार्ग योजनेचेही तसेच. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ३४,८०० किलोमीटरसाठी ५ लाख ३५ हजार कोटींना मान्यता दिली. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवले की किलोमीटरमागे १५ कोटी ३७ लाख धरलेला खर्च मंजुऱ्यांमध्ये ३२ कोटी १७ लाखांवर गेला होता. त्याच अहवालातल्या द्वारका द्रुतगती मार्गाच्या खर्चाच्या आकड्यावर तेव्हा टीव्हीवर आठवडाभर भांडण झाले. मंत्रालयाने खुलासा केला की तो बराचसा उन्नत मार्ग आहे, तुलना चुकीची आहे. खुलासा बरोबर असेलही. त्याची छाननी करायची जागा स्टुडिओ नव्हे, लोकलेखा समिती. तिच्यापुढे अहवालांचा ढीग पडतो, ती निवडक घेते, उरलेले कपाटात जातात.

चौथी मागणी : वाहतुकीवरचा महालेखापालांचा प्रत्येक अहवाल एका वर्षात लोकलेखा समितीने किंवा तिच्या उपसमितीने तपासावा, आणि मंत्रालयाचे कृती-टिपण आले की नाही हे संकेतस्थळावर सर्वांना दिसावे.

आश्वासनांबद्दल एक बारीक गोष्ट, कदाचित आपल्यातल्या नव्या सदस्यांना उपयोगी पडेल. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवली जाईल’ असे मंत्री बोलले, की त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. त्यासाठी दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या आहेत. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल गेल्या तीन लोकसभांत दिल्या गेलेल्या आश्वासनांची यादी आपण या समित्यांकडून मागवून घ्यावी. पुरी झालेली, मुदतवाढ घेतलेली, आणि ‘वगळावे’ अशी विनंती आलेली, असे तीन रकाने पुरतील. तिसरा रकाना आम्हाला आधी पाहायचा आहे.

कोकण रेल्वे हा वेगळाच मामला. १९९० मध्ये केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के अशा भांडवलावर हे महामंडळ उभे राहिले आणि २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरवर गाड्या धावू लागल्या. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांची नावे अजूनही कोकणात आदराने घेतली जातात. पण महामंडळ असल्यामुळे ही रेल्वे अर्थसंकल्पात ना धड आत, ना धड बाहेर. रोहा-वीर सोडले तर मार्ग अजून एकेरीच आहे, त्यामुळे गणपतीत एक गाडी अडली की मागे रांग लागते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींनी जीव घेतले. त्यानंतर डोंगरउतारांना जाळ्या लागल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग उतरवला गेला, गस्त वाढली. हे काम चांगले झाले. आता भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली आहे. विलीनीकरण हवे की नको, यावर आमच्या सभासदांत दोन तट आहेत आणि सभेत आवाज चढतात. एका गोष्टीवर दोन्ही तट एक आहेत : कर्ज किती, मालमत्ता किती, राज्यांच्या भागभांडवलाचे काय, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचे काय आणि दुपदरीकरणाला कोणत्या वर्षी किती पैसे, याची श्वेतपत्रिका विलीनीकरणाआधी संसदेत आली पाहिजे. ही पाचवी मागणी, आणि ती गोव्याच्या तिन्ही सदस्यांनाही उद्देशून आहे.

संसदेच्या समित्या काहीच करत नाहीत, असा आमचा आरोप नाही. मार्च २०२५ मध्ये वाहतूक समितीनेच निदर्शनास आणले होते की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातली निम्म्याहून अधिक मंजूर पदे रिकामी आहेत. अहमदाबादची दुर्घटना तीन महिन्यांनंतरची; त्या अपघाताशी या पदांचा संबंध जोडण्याइतकी माहिती कोणाकडे नाही, आमच्याकडे तर नाहीच. आमचा प्रश्न समितीच्या शब्दाला किती वजन आहे, हा आहे. शिफारस सल्ल्यापुरती. मंत्र्यांना साक्षीला बोलवायचे नाही, असा संकेत. बैठका बंद दाराआड. समितीचा कार्यकाळ वर्षाचा; सदस्याला वाघिणी आणि मार्गिकांची भाषा कळू लागते तोवर फेरनिवड येते.

यावर नेहमीचे उत्तर असे की समितीने रोजच्या कारभारात लक्ष घालायचे नाही, नियमच तसा आहे. बरोबर आहे, कुठल्या गाडीला किती डबे हे समितीने ठरवू नये. पण पुलाच्या तपासणीचा निकष, सुरक्षा निधीचा भरणा, ठेक्यांना मिळणाऱ्या मुदतवाढीचे धोरण हा रोजचा कारभार नव्हे. दुसरे उत्तर असे की साक्षी उघड झाल्या तर अधिकारी मोकळेपणाने बोलणार नाहीत. संरक्षणाच्या समितीला हे लागू असेल. पनवेल-इंदापूर का रखडले, यात गुपित काय आहे? आमची सहावी मागणी म्हणून लिहून घ्या : वाहतुकीच्या समित्यांतल्या साक्षी, सदस्यांनी बहुमताने बंद ठेवल्या नाहीत तर, प्रक्षेपित व्हाव्यात, सदस्यत्व निदान अर्ध्या लोकसभेपुरते टिकावे, आणि फेटाळलेल्या शिफारशीचे कारण मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून सांगावे. कोणत्या शिफारशींचे काय झाले यावर सहा महिन्यांत निवेदन करण्याचा दंडक आजही आहे; तो एका ओळीच्या परिशिष्टावर भागवला जाऊ नये.

थोडे आपल्याबद्दलही. प्रभादेवीच्या, म्हणजे तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण चेंगरून गेले. नव्या पुलासाठी खासदारांनी आधीच पत्रे दिली होती, मंजुरीही होती. पत्र देऊन खासदाराचे काम संपत नाही, हे त्या दिवशी कळले. पत्राला उत्तर नाही तर तारांकित प्रश्न, त्यालाही बगल दिली तर आश्वासन समिती, नाही तर याचिका समिती. याचिका समितीकडे नागरिकालाही जाता येते, फक्त प्रतिस्वाक्षरीला आपल्यापैकी कोणी तयार हवे. जिल्ह्यात दिशा समितीचे अध्यक्षपद आपल्याकडेच असते. तिच्या बैठकीत महामार्ग आणि रेल्वेचा विषय घेता येतो, तो घ्या आणि इतिवृत्त बाहेर येऊ द्या. समित्यांच्या बैठकांना हजर राहा, ही मागणी लिहायला आम्हाला संकोच वाटतो. तरीही लिहितो.

पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी आपल्या मतदारसंघात, आपल्या सोयीच्या दिवशी, आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी. टप्पेवार महामार्गाची माहिती, स्थानकवार अपघातांच्या नोंदी आणि प्रत्येक मागणीसाठी तयार केलेला एकेका प्रश्नाचा मसुदा आम्ही बरोबर आणू. यांपैकी कोणता विषय आपण स्वतः उचलणार, हे लेखी कळवावे. आलेली उत्तरे मतदारसंघाच्या नावानिशी आम्ही पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ आणि मडगाव स्थानकांबाहेर रिक्षाथांब्यांच्या फलकांवर लावणार आहोत, आणि अधिवेशन संपल्यावर त्यापुढे काय झाले तेही.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य